अच्छाडचा ट्रक आणि ईआरपीनेक्स्टचा कोड: एका मोठ्या आवराआवरीचा धडा

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर तलासरी तालुक्यातलं अच्छाड ओलांडलं की गुजरात सुरू. इथून जाणाऱ्या ट्रकमधल्या मालाची किंमत 50 हजार रुपयांपेक्षा जास्त असेल, तर सहसा ई-वे बिल लागतं. राज्याबाहेर जाणाऱ्या मालासाठी ते 1 एप्रिल 2018 पासून सक्तीचं आहे. बिल बनतं सरकारी पोर्टलवर. पण अनेक कंपन्यांत त्याची माहिती हिशेबाचं सॉफ्टवेअरच परस्पर पोर्टलला पाठवतं. त्या कोडमध्ये गडबड झाली, तर माल भरलेला ट्रक जागेवरच उभा.

असंच एक सॉफ्टवेअर म्हणजे ईआरपीनेक्स्ट. मुंबईच्या फ्रॅप कंपनीचं, रुषभ मेहता यांनी सुरू केलेलं आणि ओपन सोर्स. म्हणजे त्याचा कोड कोणीही वाचू शकतं, बदलू शकतं.

अडचण काय होती?

सगळं एकाच डब्यात होतं. हिशेब, स्टॉक, पगार, हॉस्पिटल, शाळा, शेती आणि भारताचा जीएसटीसुद्धा. आता जीएसटीचे नियम किती पटापट बदलतात बघा. ई-इन्व्हॉइस 1 ऑक्टोबर 2020 ला 500 कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांसाठी आलं. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने उतरत 1 ऑगस्ट 2023 ला 5 कोटींवर आली. असा प्रत्येक बदल जगभर वापरल्या जाणाऱ्या मूळ कोडमध्येच करत बसायचा, तर भारतातल्या नियमासाठी दुसऱ्या देशातल्या दुकानदाराचं बिल बिघडण्याची भीती.

मग काय केलं?

2022 मध्ये आलेल्या 14 व्या आवृत्तीत डबे वेगळे केले. पगार आणि कर्मचाऱ्यांचा भाग 'फ्रॅप एचआर' झाला. हॉस्पिटल, शिक्षण, शेती वगैरे भाग स्वतंत्र ॲप बनले. भारताचा जीएसटी आणि ई-वे बिल 'इंडिया कम्प्लायन्स' या ॲपमध्ये गेलं. ते रेझिलियंट टेक ही टीम सांभाळते. आता भारताचा नियम बदलला की त्या ॲपचं अपडेट वेगळं देता येतं.

फ्रॅपच्या रचनेत आणखी एक चांगली सवय आहे. इन्व्हॉइससारख्या प्रत्येक गोष्टीचं स्वतःचं फोल्डर असतं. त्यात फॉर्मची रचना, पायथॉनचा कोड, ब्राउझरचा कोड आणि टेस्ट शेजारी-शेजारी. नवीन माणसाला कुठे शोधायचं ते लगेच कळतं. आणि कराचे दर कोडमध्ये कोरलेले नसून टेम्प्लेटमध्ये असतात. त्यामुळे 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे दर बदलले, तेव्हा दर बदलण्यासाठी प्रोग्रामरच हवा असं नव्हतं.

खरी परीक्षा डॉक्युमेंटेशनची

आवरलेलं घर घरच्यांना सोयीचं, पण पाहुण्याला चमचे सापडायला हवेत ना! जुन्या आवृत्तीवरून 14 वर आलात की पगार किंवा जीएसटीचं ॲप वेगळं इन्स्टॉल करावं लागतं. ही एक ओळ ज्याने वाचली नाही, त्याला वाटणार, 'अरे, माझा पगाराचा विभागच गायब झाला!' कोड बरोबर असूनही माणूस अडकतो. म्हणून कोड हलवला की त्याच दिवशी माहितीही हलवायला हवी: काय कुठे गेलं, काय इन्स्टॉल करायचं, कोणत्या आवृत्तीसोबत कोणती चालते.

तोटाही आहे. ॲप जितके जास्त, तितक्या आवृत्त्या एकमेकींशी जुळवायच्या. छोट्या ऑफिसात हे काम एकाच माणसावर पडतं. पण नियम वर्षातून कितीदा बदलतील ते आपल्या हातात नसेल, तर बदलणारा भाग वेगळा ठेवणं हाच शहाणपणाचा सौदा.

तुम्ही काय करू शकता?

कोडिंग येत नसलं तरी चालेल. इन्स्टॉल करताना जी पायरी समजली नाही, ती गिटहबवर नोंदवा. फोनच्या ब्राउझरवरूनही जमतं. कोणती आवृत्ती, काय केलं, काय दिसलं, एवढं नीट लिहा. अनुभवी प्रोग्रामरला ती पायरी तोंडपाठ असते, त्यामुळे तिथे काय राहून गेलंय ते त्याच्या लक्षातच येत नाही. ते दिसतं पहिल्यांदा वापरणाऱ्याला.