ग्वाल्हेर दाखवितात, की झाकतात?

ग्वाल्हेर एका दिवसात उरकण्याची सोय आता झाली आहे. सकाळी दाराशी मोटार येते, सोबत खासगी वाटाड्या असतो, आणि सूर्यास्तापूर्वी किल्ला, राजवाडा, तानसेनाची कबर व झाशीच्या राणीची समाधी एवढे सारे पाहून पाहुणा परतीच्या गाडीत बसतो. प्रवाशाने सुखाने प्रवास करावा, याला आमची हरकत नाही. एका दिवसात कोणतेही शहर अपुरेच दिसणार, हेही आम्ही जाणतो. परंतु या सहलीत शहराच्या इतिहासातून नेमके तेवढेच वगळले जाते, जे ऐकून पाहुण्यास विचार करावा लागेल. आणि आमचा आक्षेप त्याला आहे.

प्रथम राजवाड्याचे घ्या. जयविलास राजवाडा जयाजीराव शिंदे यांनी १८७४ साली उभारला. तेथे पाहुण्याच्या कानी काय पडते? दरबारातील दोन झुंबरे प्रत्येकी साडेतीन टनांची आहेत. ती टांगण्यापूर्वी छताचे बळ अजमावण्यासाठी हत्ती वर चढविले होते. जेवणाच्या मेजावर चांदीची आगगाडी फिरत असे. दुपारी तोच पाहुणा फूलबागेत राणीच्या समाधीपुढे उभा राहतो, हात जोडतो, आणि मोटारीत जाऊन बसतो. सकाळचा वाडा आणि दुपारची समाधी यांचा परस्परांशी काही संबंध आहे, हे त्याला कोणी सांगत नाही.

संबंध तर फार निकटचा आहे. जून १८५८ च्या आरंभी जयाजीरावांचे सैन्य तात्या टोपे व राणी लक्ष्मीबाई यांना जाऊन मिळाले. महाराज आग्र्यास इंग्रजांच्या आश्रयाला गेले. त्याच महिन्यात राणी ग्वाल्हेरच्या रणात पडली, आणि महाराज इंग्रज फौजेच्या पाठबळावर पुन्हा गादीवर आले. किल्ला मात्र इंग्रजांनी आपल्याकडे ठेवला. तो त्यांनी शिंद्यांना परत दिला १८८६ साली, आणि मोबदल्यात झाशी घेतली! जयाजीरावांचे वर्तन योग्य की अयोग्य, यावर अभ्यासकांनी खुशाल वाद घालावा. राज्य राखणे हाही राजाचा धर्म होय, असे म्हणणारे आहेत. त्यांचेही ऐकून घ्यावे. परंतु वाद घालावयास प्रसंग तर समोर ठेवला पाहिजे. झुंबरांचे वजन सांगून तो टाळता येत नाही.

किल्ल्याची तऱ्हाही निराळी नाही. मोटार पश्चिमेच्या उरवाई दरवाजाने चढते. त्या वाटेवरच्या भव्य जैन मूर्ती दिसतात, हे चांगलेच. परंतु पूर्वेकडची जुनी चढण पायी चढावी लागते, म्हणून ती सहलीतून गळते. त्याच चढणीवर एका अखंड खडकात कोरलेले चतुर्भुजाचे लहानसे देऊळ आहे. त्यातील इ. स. ८७६ च्या शिलालेखात देवाच्या बागेची लांबी २७० हात व रोजच्या फुलांच्या माळा ५० अशी नोंद असून, या दोन्ही आकड्यांत शून्य आजच्यासारखेच वर्तुळाने लिहिलेले आहे. काळ निश्चित ठाऊक असलेले इतके जुने शून्य भारतात फार थोड्या ठिकाणी पाहावयास मिळते. ज्या खुणेने जगाच्या हिशेबाची रीत पालटली, ती पाहण्यास अर्धा तास चालणे हे काय फार झाले?

आणि संगीत! तानसेनाच्या कबरीशी चिंचेचा पाला चघळावयास देतात. त्याने गळा गोड होतो म्हणे. गळा कशाने घडतो, याचे उत्तर याच शहरात आहे, पण ते कोणी देत नाही. हस्सू खाँ व हद्दू खाँ यांनी येथे ख्यालगायकी वाढविली. हस्सू खाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी. त्यांच्यापाशी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी कष्टाने विद्या मिळविली आणि ती महाराष्ट्रात नेली. बुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. येथे ग्वाल्हेरास १९१८ साली भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत विद्यालय निघाले. मुसलमान उस्तादांनी मराठी ब्राह्मणाला दिलेली ही विद्या म्हणजे या शहराची खरी दौलत. युनेस्कोने २०२३ साली ग्वाल्हेरास संगीतनगरी म्हणून मान दिला, तो या परंपरेकडे पाहून. चिंचेच्या पाल्याकडे पाहून खास नव्हे.

कोणी म्हणेल, वाटाड्याला पोट आहे. पाहुण्याला नवल हवे असते, तो ते पुरवितो. खरे आहे, आणि म्हणूनच आम्ही वाटाड्याला दोष देत नाही. जो माल खपतो तोच तो मांडणार. दोष आहे तो पैसे मोजून काहीच न विचारणाऱ्या पाहुण्याचा. आणि त्याहून अधिक लष्करात पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या त्या मराठी घरांचा, जी महाराष्ट्रातून आलेल्या सोयऱ्यांना हीच सहल ठरवून देतात आणि आपले आतिथ्य पुरे झाले असे मानतात.

तेव्हा ग्वाल्हेरास जाणाऱ्या वाचकांना आमचे सांगणे एवढेच: मोटार जरूर करा. परंतु ती पूर्वेच्या दरवाजाशी थांबवा आणि पायी चढा. समाधीपाशी विचारा, की राणी पडली त्या दिवशी महाराज कोठे होते? कबरीपाशी विचारा, की आज या शहरात गाणे कोण शिकविते? दहा पाहुण्यांनी हे विचारले, तर अकराव्यासाठी वाटाड्या उत्तर शिकून ठेवील.