मॉडेलचे साल आणि कायद्याची तारीख

जुनी मोटार घ्यावयास निघालेले मध्यमवर्गीय कुटुंब पहिला प्रश्न विचारते तो गाडी किती किलोमीटर चालली हा; दुसरा किमतीचा. मॉडेल कोणत्या सालचे, हे तिसऱ्या क्रमांकाने येते आणि तेही बहुधा किंमत आणखी थोडी पाडून मागण्याचे निमित्त म्हणून. वस्तुतः गेल्या दहा वर्षांत मोटारींविषयीचे नियम ज्या वेगाने बदलले आहेत तो पाहता हा क्रम उलटा व्हावयास हवा. किलोमीटर दाखविणारा काटा मागे फिरविता येतो. कारखान्यातून गाडी बाहेर पडल्याचा महिना नोंदणीपुस्तकात छापलेला असतो.

सामानासकट सगळे कुटुंब सामावून घेणारी खरीखुरी स्टेशन वॅगन आपल्याकडे कधी रुजली नाही. १९९२ मध्ये टाटांची इस्टेट आली, पुढे इंडिगो मरीना आली, मारुतीची बलेनो आल्टुराही येऊन गेली. परंतु ग्राहकाने त्यांना फारसा हात दिला नाही. गणपतीला घरची सात माणसे आणि त्यांची बोचकी कोकणात नेण्याचे काम अखेर इनोव्हा आणि एर्टिगा या गाड्यांकडे गेले. शिक्षकाच्या वा कारकुनाच्या ऐपतीत येते ती बहुधा यांतील दुसरी, आणि तीही कोणीतरी वापरलेली. म्हणून उदाहरण तिचेच घेणे योग्य.

ही गाडी २०१२ मध्ये बाजारात आली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये तिची दुसरी पिढी आली. सांगाडा नवा, पेट्रोल इंजिनही पूर्वीपेक्षा मोठे. म्हणजे ‘२०१८ ची एर्टिगा’ असे विक्रेता सांगतो तेव्हा त्या एका वाक्यात दोन निराळ्या गाड्या दडलेल्या असतात. डिझेलची गोष्ट आणखी वेगळी. एप्रिल २०२० पासून कंपनीने डिझेल मोटारी बनविणेच थांबविले. तेव्हा डिझेल हवे असेल तर त्यानंतरचे साल मिळणारच नाही. २०१९ की २०२१ हा प्रश्न केवळ दोन वर्षांच्या झिजेचा नाही तो असा.

परंतु कंपनीच्या तारखांहून अधिक महत्त्वाच्या आहेत त्या कायद्याच्या तारखा. जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या प्रत्येक मोटारीत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. वेगमर्यादेचा इशारा आणि मागे घेताना सूचना देणारी यंत्रणाही त्याच सुमारास आली. एप्रिल २०२० पासून ‘भारत सहा’ हे प्रदूषणाचे मानक देशभर लागू झाले. पुढच्या डाव्या आसनासाठी एअरबॅगची सक्ती मात्र, आधीपासून बाजारात असलेल्या मॉडेलांच्या बाबतीत, महासाथीचे कारण देऊन एकदा लांबणीवर टाकली गेली आणि २०२१ च्या अखेरीस लागू झाली. त्या आसनावर आपल्या घरांत कोण बसते? वडीलधारी व्यक्ती, किंवा मांडीवर मूल घेतलेली आई. आणि मुलाला असे मांडीवर घेणे मुळातच धोक्याचे. चालकाच्या जिवाची काळजी कायद्याने शेजारच्या जिवाहून अडीच वर्षे आधी घेतली, हे सत्य ओशाळवाणे आहे. ज्या मॉडेलांत दोन्ही एअरबॅग पूर्वीपासून सरसकट होत्या त्यांना या तारखांनी फरक पडत नाही. दुसऱ्या पिढीची एर्टिगा त्यांतलीच. ज्यांच्या स्वस्त आवृत्तीतून डावी एअरबॅग वगळली जात असे अशा अनेक लहान गाड्यांच्या बाबतीत मात्र सालाचा फरक हा प्राणांचा फरक ठरू शकतो. आणि जुन्या बाजारात सर्वांत कमी पैसे घेऊन येणाऱ्याच्या वाट्याला नेमकी तीच स्वस्त आवृत्ती येते.

अपघात-चाचणीत मिळालेल्या ताऱ्यांवर भिस्त ठेवणाऱ्यांनीही एक भान ठेवावे. ग्लोबल एनकॅपच्या चाचण्या २०२२ मध्ये कडक झाल्या. त्यापूर्वीचे तारे आणि नंतरचे तारे एका तराजूत घालता येत नाहीत.

साल नवे म्हणजे गाडी चांगली, असा मात्र सरळ हिशेब नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले, तेव्हा त्यात नव्या गाड्याही बुडाल्या. गालिच्याखालचा गंज आणि विमा कंपनीकडील दाव्यांची नोंद या दोन गोष्टी तपासल्याशिवाय नव्या सालाला भुलणे म्हणजे शुद्ध भाबडेपणा. नीट निगा राखलेली २०१९ ची गाडी पुरात भिजलेल्या २०२१ च्या गाडीहून केव्हाही बरी.

डिझेलच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांना दिल्ली परिसरात बंदी करणारा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम ठेवला. जुलै २०२५ मध्ये अशा वाहनांना इंधन नाकारण्याचा प्रयोग काही दिवसांतच गुंडाळावा लागला. ऑगस्टमध्ये न्यायालयाने मालकांना दिलासा दिला आणि डिसेंबरमध्ये तो ‘भारत चार’ व त्यापुढील वाहनांपुरता मर्यादित केला. या हेलकाव्यांत तेथील कित्येक गाड्या ना-हरकत दाखला घेऊन इतर राज्यांत येतात आणि स्वस्त वाटतात. परंतु महाराष्ट्रात त्यांच्यावर पुन्हा कर भरावा लागतो, हे खरेदीदाराला बहुधा पैसे मोजल्यावर कळते. येथे पंधरा वर्षांनंतर नोंदणी नूतनीकरणाची अट आहेच. मोटारीसाठी पूर्वी सहाशे रुपये असलेले हे शुल्क एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाले. २०१२ ची गाडी घेणाऱ्याने हा खर्च, अधिक पर्यावरण कर, आजच किमतीत धरावा.

कराचे गणितही बदलले आहे. जानेवारी २०२५ पासून नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या जुन्या गाडीवरील नफ्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. खासगी व्यक्तीकडून थेट घेतल्यास तो नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या लहान मोटारींवरील कर १८ टक्क्यांवर आला, एर्टिगासारख्या चार मीटरहून लांब गाडीवर मात्र तो ४० टक्के आहे. साहजिकच लहान गाडीत नव्या-जुन्याचे अंतर कमी झाले, आणि सात जणांच्या कुटुंबाची ओढ जुन्या बाजाराकडेच राहिली.

मग अशा ग्राहकाला शासनाने निदान माहिती तरी पुरवावी. नोंदणीपुस्तकात इंजिनाचा क्रमांक असतो, चासीचा असतो, रंगसुद्धा असतो. एअरबॅग किती, याचा रकाना नसतो. तो छापण्यास कोणतेही नवे यंत्र लागत नाही, कारखान्याकडे ती माहिती प्रत्येक चासीनिशी असतेच. परिवहन खात्याने तेवढा एक रकाना वाढविला तर हस्तांतरणाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी तो वाचता येईल.