लघवीची गोळी एकच नसते

घरात वयस्कर माणूस असेल तर औषधांच्या डब्यात एखादी तरी लघवीची गोळी असतेच. आमच्याकडची जुनी माणसे तिला पेशाबची गोळी म्हणतात, दवाखान्यातल्या सिस्टर पाण्याची गोळी म्हणतात. नाव एकच, म्हणून गोळीही एकच असे सगळ्यांना वाटते. मग शेजारच्या खाला सांगतात, "या गोळीने अंगातली ताकद जाते, अम्मींना रोज नारळपाणी देत जा." त्यांच्या घरी हा सल्ला कदाचित बरोबरही असेल. पण तुमच्या अम्मींची गोळी स्पायरोनोलॅक्टोन असेल, तर हाच सल्ला जिवावर बेतू शकतो. असे का होते ते समजून घेऊ. आठवी-नववीचे विज्ञान आठवत असेल तर पुरे आहे.

आपले दोन गुर्दे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातले जेमतेम दीड-दोन लिटर बाहेर सोडतात. बाकीचे सगळे रक्तात परत जाते. मीठ जिकडे जाते तिकडे पाणी जाते. म्हणून लघवी वाढवायची तर मिठाला, म्हणजे त्यातल्या सोडियमला, परत जाण्यापासून अडवायचे, एवढेच या सगळ्या गोळ्यांचे काम. फरक आहे तो अडवायच्या जागेत. फ्युरोसेमाइड, म्हणजे बहुतेकांना माहीत असलेली लॅसिक्स, गुर्द्यातल्या बारीक नळीच्या मधल्या वळणावर अडवते. तिथून मीठ भरपूर परतत असते, म्हणून तिचा जोरही मोठा. गोळी घेतल्यावर तासाभरात माणूस बाथरूमच्या फेऱ्या मारू लागतो.

मधल्या वळणावर अडवलेले सोडियम नळीच्या शेवटच्या टप्प्यात पोहोचते. तिथे वेगळा व्यवहार चालतो: सोडियम परत घ्यायचे आणि त्याच्या बदल्यात पोटॅशियम लघवीत सोडायचे. जितके जास्त सोडियम तिथे येईल, तितके जास्त पोटॅशियम बाहेर जाईल. म्हणूनच लॅसिक्सने पोटॅशियम घटते, पायात गोळे येतात, थकवा येतो, आणि डॉक्टर कधी कधी पोटॅशियमचे पातळ औषध लिहून देतात. खालांचा नारळपाण्याचा सल्ला येतो तो इथून.

शेवटच्या टप्प्यातल्या या अदलाबदलीवर एका संप्रेरकाचा हुकूम चालतो. त्याचे नाव अल्डोस्टेरॉन. गुर्द्याच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीत ते तयार होते. १९५३ मध्ये लंडनमध्ये सिल्व्हिया सिम्पसन आणि जेम्स टेट यांनी ते वेगळे काढले. पुढे १९५६ मध्ये या दोघांनी लग्न केले. मुलींना विज्ञानातल्या बायकांची नावे सांगताना मी हे नाव आवर्जून सांगते, कारण पाठ्यपुस्तकात ते येत नाही.

स्पायरोनोलॅक्टोन हे त्याच दशकाच्या शेवटी अमेरिकेत तयार झालेले औषध. त्याची घडण अल्डोस्टेरॉनशी इतकी मिळतीजुळती आहे की ते पेशीत जाऊन थेट त्याच्या खुर्चीवर बसते. खुर्ची भरलेली, म्हणून खरा साहेब बाहेर ताटकळत राहतो आणि त्याचा हुकूम निघत नाही. सोडियम परत घेतले जात नाही, पोटॅशियम शरीरातच राहते. म्हणून या गटाला पोटॅशियम राखणाऱ्या गोळ्या म्हणतात. अमिलोराइड आणि ट्रायमटेरिन याच गटातल्या, पण त्या खुर्चीच्या भानगडीत पडत नाहीत. ज्या दारातून सोडियम आत येते तेच दार त्या बंद करतात, त्यामुळे त्यांचा असर काही तासांत दिसतो. स्पायरोनोलॅक्टोनला दोन-तीन दिवस लागतात. "गोळी घेऊनही पेशाब वाढली नाही" म्हणून दुसऱ्या दिवशी डोस वाढवणारे असतात, त्यांनी हे लक्षात घ्यावे. उलट बाजूही तशीच आहे: गोळी बंद केली तरी असर लगेच जात नाही.

लघवी वाढवण्यात ही गोळी तशी अशक्तच. मग डॉक्टर ती का देतात? जिगर खराब होऊन पोटात पाणी भरते तेव्हा अल्डोस्टेरॉन फार वाढलेले असते, तिथे पहिली निवड हीच. आणि हृदय कमजोर झालेल्यांसाठी. १९९९ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदय फार कमजोर झालेल्या १,६६३ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या औषधांबरोबर ही स्वस्त, जुनी गोळी छोट्या डोसमध्ये दिली होती. त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांनी कमी निघाले.

ही बातमी ऐकून डॉक्टरांनी ती सर्रास लिहायला सुरुवात केली. पुढचे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात मोजले गेले आणि २००४ मध्ये छापून आले. हृदयासाठी औषधे घेणाऱ्या वृद्धांमध्ये पोटॅशियम वाढल्यामुळे रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण १९९४ मध्ये हजारी २.४ होते, ते २००१ मध्ये ११ झाले. मृत्यूही वाढले. गोळी तीच होती. पण अभ्यासात रुग्ण निवडून घेतलेले होते आणि त्यांचे रक्त वेळोवेळी तपासले जात होते. बाहेर तेवढी तपासणी कोण करणार?

रक्तातले पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान असावे. सहाच्या पुढे गेले की हृदयाची लय बिघडण्याचा धोका असतो. वाईट म्हणजे बहुतेक वेळा आधी काहीच जाणवत नाही. जाणवलेच तर हातापायांत अशक्तपणा, मुंग्या, नाडी मंद होणे. म्हणून गोळी सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात, मग महिन्याभरात आणि पुढे डॉक्टर सांगतील तसे पोटॅशियम व क्रिएटिनिन तपासावे लागते. हा खर्च वाचवण्यासारखा नाही.

आता घरातल्या गोष्टी. बाजारात कमी सोडियमचे म्हणून जे मीठ मिळते, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते. बीपीच्या माणसासाठी मुलगा प्रेमाने आणतो आणि रोज तिन्ही वेळा तेच पोटात जाते. माझ्या मते नारळपाण्यापेक्षा या मिठाचा धोका मोठा, कारण ते दिसत नाही. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल या बीपीच्या गोळ्याही पोटॅशियम वाढवतात. डॉक्टर त्या स्पायरोनोलॅक्टोनबरोबर मुद्दाम देतात, ते चूक नव्हे, पण मग रक्ततपासणी आणखी गरजेची. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन मात्र घेऊ नये. लघवीच्या जळजळीवर मिळणारी कोट्रायमॉक्साझोल ही गोळीही या जोडीला धोकादायक.

रमजानमध्ये प्रश्न येतोच. इफ्तारला दोन-तीन खजूर बहुतेकांना बाधत नाहीत. पण वाटीभर खजूर, वर नारळपाणी, फळांचा रस आणि दिवसभर पाण्याविना राहिलेले गुर्दे, हे सगळे एकत्र आले की हिशेब बदलतो. रोजे धरण्याआधीच डॉक्टरांशी बोलून गोळीची वेळ ठरवून घ्यावी. जुलाब-उलट्या लागल्या तर गोळी चालू ठेवायची की थांबवायची, हे त्याच दिवशी फोन करून विचारावे.

चेहऱ्यावरचे नको असलेले केस किंवा मुरूम यांसाठी त्वचेचे डॉक्टर हीच गोळी तरुण मुलींना देतात, कारण ती पुरुषी संप्रेरकांनाही अडवते. लग्न ठरलेल्या मुलीच्या आईला हे माहीत असावे: गर्भ राहण्याची शक्यता असेल तर ही गोळी चालत नाही. याच कारणाने पुरुषांच्या छातीला सूज येऊन दुखू शकते. वर सांगितलेल्या अभ्यासात दहात एका पुरुषाला हा त्रास झाला होता. अब्बा लाजेपोटी बोलत नाहीत, गुपचूप गोळी सोडून देतात. डॉक्टरांना सांगितले तर एप्लेरेनोन ही दुसरी गोळी देता येते, तिच्याने हा त्रास फारसा होत नाही.

गोळी कोणती ते पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. अल्डॅक्टोन म्हणजे स्पायरोनोलॅक्टोन, लॅसिक्स म्हणजे फ्युरोसेमाइड, आणि लॅसिलॅक्टोनमध्ये दोन्ही एकत्र असतात. इंग्रजी वाचता येत नसेल तर मेडिकलवाल्याला विचारून पट्टीला कागद चिकटवा आणि उर्दू किंवा मराठीत लिहून ठेवा: "पोटॅशियम राखणारी".