गालातला बफर

एखादं गाणं लूपवर टाकल्यावर मध्येच ‘टक्’ असा आवाज ऐकलाय कधी? त्या एका ‘टक्’पायी माझ्या प्रोग्रामर मित्राचा अख्खा वीकएंड गेला!

त्याचं झालं असं... जव्हारहून मोखाड्याकडे जाताना एका पाड्यावर आम्ही तारपा ऐकला. वाळलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा लांबलचक कर्णा. वाजवणाऱ्या बाबांना विचारून मित्राने फोनवर रेकॉर्डिंग केलं. ‘बटण दाबलं की तारपा वाजेल असं पेज करून आणतो,’ असं प्रॉमिसही देऊन बसला.

काम तसं सोपं. एमपीथ्री म्हणजे घडी घातलेला शर्ट. घालायचा तर घडी मोडावीच लागते. आवाजाची फाइल आधी लोड करायची, मग डीकोड करायची. हा उलगडलेला आवाज मेमरीत जिथे राहतो, तो बफर. तो तयार असला की बटण दाबताच आवाज येतो. पण सीडी क्वालिटीत दर सेकंदाला ४४,१०० नमुने लागतात. स्टिरिओचं एक मिनिट म्हणजे सुमारे १० एमबी! म्हणून चार सेकंदांचा तुकडा घेऊन तो लूप केला.

आणि दर चार सेकंदांनी ‘टक्’. तुकड्याचा शेवट आणि सुरुवात जुळतच नव्हती. त्यात एमपीथ्री बनताना दोन्ही टोकांना बारीकशी शांतता चिकटते, ती वेगळीच. शेवटी साहेबांनी मूळ रेकॉर्डिंगची वेव्ह फाइल घेतली, लहर शून्यावर येते तिथे कापली आणि टोकं एकमेकांत मिसळली. ‘टक्’ गायब!

बाबांचा सूर मात्र मुळातच तुटत नाही. ते गालात हवा साठवतात. नाकाने श्वास घेताना गाल ती हवा आत ढकलत राहतात. बफरच की हो! याच जव्हार तालुक्यातले तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ती याच वाद्यासाठी.

पुढच्या फेरीत मित्राने ऐटीत बटण दाबलं. पोरांनी हातात हात घालून फेर धरला. मिनिटभर मजा आली, मग पाय रेंगाळले. तारप्याची चाल बदलली की नाचाची पावलं बदलतात, आणि इथे चाल बदलतच नव्हती. बाबांनी हसत तारपा उचलला, पोरं पुन्हा सुसाट.

मित्राने आता चार चालींचे चार बफर लोड केलेत, चार बटणांवर. चाल कधी बदलायची, ते मात्र कोडमध्ये लिहिलेलं नाही. बटणं बाबांच्या नातवाच्या हातात दिलीत. तो स्क्रीनकडे नाही, नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघतो.