पक्षनिष्ठा कीं तत्त्वनिष्ठा ?

जागेसाठीं मतें मागणें हेंच हीनपणाचें, असें मानणारे सोवळे लोक पुष्कळ आहेत. आम्हांस तें मान्य नाहीं. कशासाठीं मागितलें, व मिळत नाहींसें दिसल्यावर काय केलें, यावरच मागणाराची परीक्षा होते.

अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानांत १८५५ सालीं झालेली सेनेटची निवडणूक या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. त्या काळीं सेनेटर संस्थानच्या कायदेमंडळाच्या मतांनीं निवडला जाई. ही पद्धत १९१३ सालीं बदलली. १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्यानें नव्या मुलखांत गुलामगिरीस वाट मोकळी केली होती. व्हिग पक्षाचे वकील अब्राहम लिंकन या कायद्याचे कडवे विरोधक. कायदेमंडळाच्या सभासदास सेनेटवर जातां येत नसे. म्हणून त्यांनीं तेथील नुकतीच जिंकलेली जागा सोडली, आणि पत्रांवर पत्रें लिहून उघडपणें मतें मागितलीं.

८ फेब्रुवारी रोजीं पहिल्या फेरींत लिंकन यांस ४४, डेमोक्रॅट शील्ड्स यांस ४१ व लायमन ट्रंबुल यांस अवघीं ५ मतें पडलीं. ट्रंबुलही डेमोक्रॅटच, पण त्या कायद्याच्या विरुद्ध. त्यांच्या पांच पाठिराख्यांस लिंकन यांचें तत्त्व पटत होतें. व्हिगास मत देणें मात्र पटेना. फेरीमागून फेरी होतां होतां लिंकन १५ वर आले, आणि डेमोक्रॅटांनीं मागाहून पुढें केलेले गव्हर्नर मॅटेसन ४७ वर पोंचले. तेव्हां लिंकन यांनीं आपलीं उरलेलीं मतें ट्रंबुल यांस देवविलीं, आणि दहाव्या फेरींत ट्रंबुल ५१ मतांनीं निवडून आले.

चव्वेचाळिसांनीं पांचांपुढें नमावें, हा न्याय कोठला, असें कोणी विचारील. त्या पांचांचा हट्ट आम्हांसही खटकतो. परंतु लिंकन स्वतःचा मान सांभाळीत बसते, तर जागा मॅटेसन यांच्या हातीं जाती. पुढें त्याच पांचांतील नॉर्मन जड यांनीं १८६० सालीं शिकागो येथें अध्यक्षपदासाठीं लिंकन यांचें नांव सुचविलें. आणि गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती १८६४ सालीं सेनेटांत मांडली ती न्यायसमितीचे अध्यक्ष ट्रंबुल यांनीं. याच दास्यमुक्तीच्या गौरवार्थ जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपला ‘गुलामगिरी’ ग्रंथ अमेरिकेच्या लोकांस अर्पण केला.

आमच्याकडे उमेदवारी हुकली कीं एका रात्रींत पक्ष बदलतो, आणि पक्षाबरोबर तत्त्वही. अशा मंडळींस आमचें सांगणें इतकेंच : मतें खुशाल मागा, पण जागा व तत्त्व यांतून एकच राखणें भाग पडेल, तेव्हां सोडावयाचें काय, हें आधीं ठरवून मग मागा.