सुधाकरला समोर बसवा

घरातल्या मारहाणीवरचं पथनाट्य आपल्याकडे बहुतेक वेळा ८ मार्चला होतं. पंचायत समितीच्या आवारात, नाहीतर एखाद्या शाळेच्या सभागृहात. समोर बचत गटाच्या बाया, आशाताई, अंगणवाडी सेविका. नाटकातला नवरा बायकोच्या अंगावर धावून जातो तेव्हा काहीजणी मान खाली घालतात, काहीजणी डोळ्यांना पदर लावतात. त्यांना त्यात नवीन काहीच नसतं. ज्याने ते पाहायला हवं, तो त्या वेळी कारखान्यात पाळीवर असतो, बागेत औषध मारत असतो, नाहीतर दुधाच्या गाडीवर असतो. मार खाणारीलाच मार समजावून सांगायचा, याला जनजागृती म्हणणं आता थांबायला हवं.

सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यापासून हे बदलावं, असं आम्ही आग्रहाने म्हणतो. नाटक कामाच्या ठिकाणी व्हावं, पाळी सुटायच्या वेळी व्हावं, पुरुषांसमोर व्हावं. आणि नाटक संपल्यावर उरणारं काम त्या कारखान्याने, डेअरीने, सूतगिरणीने अंगावर घ्यावं. पलूसचंच नाव घ्यायला कारण आहे. नाटक आणि कारखाना या दोन्ही गोष्टी या मातीत फार जुन्या आहेत.

बालगंधर्वांचं नागठाणे याच तालुक्यातलं. १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणलं आणि बालगंधर्वांची ठिगळाच्या लुगड्यातली सिंधू पाहून महाराष्ट्र रडला. नवरा सुधाकर दारूत बुडालेला, घरात दाणा नाही, अंगावर हात उचलला जातो. तरी ही बाई शेवटपर्यंत त्याला पाठीशी घालते. शंभर वर्षं आपण तिच्या सोसण्याला टाळ्या दिल्या. नाटक दारूच्या विरोधात होतं आणि त्या अर्थाने ते थोर होतं. पण प्रेक्षक घरी जाताना मनात दोन गोष्टी घेऊन गेला: मारते ती दारू, आणि सोसते ती सती. या दोन्ही समजुतींनी पुढच्या पिढ्यांतल्या बायकांचं फार नुकसान केलं आहे.

दारूचं घ्या. ‘पितो म्हणून मारतो, एरवी देवमाणूस आहे’ हे वाक्य पलूसला, भिलवडीला, कुंडलला, कुठल्याही गावात ऐकू येतं. पुष्कळदा तर सासूच सांगते. पण हाच माणूस पिऊन आला तरी फोरमनवर हात टाकत नाही. मुकादमाने चारचौघांत शिवी दिली तर गिळतो. ज्याला कुणावर हात उचलायचा नाही हे नशेतही नेमकं कळतं, त्याचा हात दारूच्या नव्हे, त्याच्याच ताब्यात आहे. दारू मारहाण वाढवते, हे खरं. पण घरातल्या बाईला मारलं तर आपलं काही बिघडत नाही, हा भरवसा बाटलीतून येत नाही. तो आजूबाजूचे देतात. म्हणूनच नाटक कामाच्या ठिकाणी करायचं. जिथे तो हात आवरतो, तिथेच त्याला हे दाखवायचं.

सांगली जिल्ह्याला नाटकाचं हे काम शिकवायची गरज पडू नये. विष्णुदास भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’ १८४३ साली सांगलीत झालं. सांगलीला लागून असलेल्या हरिपूरच्या देवलांनी १८९९मध्ये ‘शारदा’ रंगभूमीवर आणलं आणि म्हाताऱ्याशी लावल्या जाणाऱ्या पोरीचं दुःख भर मांडवात मांडलं. बालविवाहाला आळा घालणारा कायदा व्हायला त्यानंतर ३० वर्षं लागली. तेव्हा नाटक कायद्याच्या पुढे होतं. आज उलट आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा २००५ साली झाला, ऑक्टोबर २००६पासून लागू आहे, आणि आपला रंगमंच अजून सिंधूच्या लुगड्याची ठिगळं मोजतो आहे.

कारखान्याचा याच्याशी काय संबंध, असा प्रश्न येईल. तो किर्लोस्करवाडीत तरी येऊ नये. नांगर आणि पंप करणाऱ्या त्या वसाहतीतूनच १९३० साली ‘स्त्री’ मासिक निघालं. बाईचं घरातलं जगणं हा जाहीर चर्चेचा विषय आहे, हे महाराष्ट्राला ज्यांनी शिकवलं त्यांत आगगाडीच्या या छोट्या स्टेशनाचं नाव फार वर आहे. पुढे याच मासिकाच्या संपादक झालेल्या विद्या बाळ यांनी १९८२ साली पुण्यात नारी समता मंच उभा केला, आणि पुण्यातल्या एका विवाहितेच्या मृत्यूनंतर मंचाचं ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन गावोगाव फिरलं. कुंडलचा वारसा तर आणखी रोखठोक. १९४३पासून साताऱ्यात आणि कुंडलच्या परिसरात प्रतिसरकार चाललं, त्याच्या न्यायदान मंडळांपुढे सावकारीच्या तक्रारींबरोबर नवऱ्याने टाकलेल्या बायकांचे तंटेही येत. त्या वेळच्या पत्रीच्या शिक्षेचं आज कुणी समर्थन करू नये, आम्हीही करत नाही. पण ‘नवरा-बायकोचं भांडण, आपण कशाला मध्ये पडा’ असं म्हणून ती माणसं उठून गेली नाहीत, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या लग्न झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे चारांतल्या एकीने नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. देशभरात हिंसा सोसलेल्यांपैकी फक्त १४ टक्क्यांनी कुणाकडे तरी मदत मागितली होती. इतक्या बायका मार खातात म्हणजे मारणारेही तितकेच आहेत, आणि ते रोज सकाळी कुठेतरी हजेरी लावतात.

आता नाटक कसं असावं, याबद्दल. रडवणारं नको. ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांनी एक रीत घालून दिली आहे. प्रसंग ऐन मोक्याला थांबवायचा आणि प्रेक्षकाला म्हणायचं, ये, तू असतास तर काय केलं असतंस ते करून दाखव. शेजारच्या घरातून भांडी आपटल्याचा आवाज येतो आहे. तू दार वाजवशील का? सोबतचा कामगार जेवणाच्या सुट्टीत ‘काल दिली दोन ठेवून’ असं हसत सांगतो आहे; तू काय बोलशील? गावच्या तालमीत वाढलेल्या, गणपतीत वगनाट्य केलेल्या पोरांना हे नाटक शिकवायला फार दिवस लागणार नाहीत. पुरुषांनी पुरुषांशी बोलायचं हे काम मुंबईतली ‘मावा’ ही संघटना १९९३पासून करते आहे. ज्योती म्हापसेकरांच्या ‘मुलगी झाली हो’ने १९८३पासून हजारो प्रयोगांत दाखवून दिलं की चार बाया आणि एक ढोलकी एवढ्यावरही नाटक उभं राहतं.

पण नाटकाने जीभ सुटते आणि नेमकं तिथेच काम अपुरं राहतं. प्रयोग पाहून एखादी पॅकिंग विभागातली बाई सुपरवायझरला म्हणाली, ‘साहेब, माझंबी असंच हाय’, तर त्याने काय करायचं? आज तो म्हणेल, ‘समजून घे, संसार आहे.’ त्याला दुसरं काही कुणी शिकवलेलंच नाही. २०१३च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने दहा किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत समिती नेमणं आणि कर्मचाऱ्यांसाठी कार्यशाळा घेणं मालकावर बंधनकारक आहे. ती समिती नवऱ्याच्या मारहाणीचा निवाडा करू शकत नाही, हे खरं. पण कार्यशाळा घ्यायचीच आहे, तर त्याच दिवशी दोन तास या विषयाला द्यायला कुठला कायदा आडवा येतो?

त्या दोन तासांत शिकवण्यासारखं पुष्कळ आहे. वारंवार खाडे करणाऱ्या, उकाड्यात पूर्ण बाह्यांचं पोलकं घालून येणाऱ्या बाईला सगळ्यांसमोर विचारायचं नाही, बाजूला घेऊन विचारायचं. ‘तू काय केलंस?’ हा प्रश्न तोंडातून काढायचा नाही. तिच्या पाळीची वेळ गेटवर आलेल्या नवऱ्याला सांगायची नाही. पगार ज्या खात्यात जातो त्याचं कार्ड कुणाच्या खिशात आहे, हे विचारायचं. कारण बाईची कमाई काढून घेणं हाही २००५च्या कायद्याने हिंसाचारच आहे. कोर्टाच्या तारखेचा खाडा धरायचा नाही. संरक्षण अधिकारी कोण, त्यांचं कार्यालय कुठे, हे सुपरवायझरला पाठ हवं.

२००५च्या कायद्यात कामाच्या जागेचा थेट उल्लेख आहे, हे फार थोड्या मालकांना माहीत असतं. बाई जिथे नोकरी करते तिथे नवऱ्याने पाऊल ठेवू नये, असा मनाईहुकूम न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. आणि नवऱ्याने पोटगीचे पैसे थकवले तर त्याच्या मालकाला आदेश देऊन पगारातला हिस्सा थेट बायकोला देववू शकतात. कामगाराच्या घरात काय चालतं ते आमचं पाहायचं काम नाही, असं म्हणायची सोय कायद्यानेच ठेवलेली नाही. न्यूझीलंडमध्ये १ एप्रिल २०१९पासून अशा कर्मचाऱ्याला वर्षाला दहा दिवसांची भरपगारी रजा मिळते. फिलिपाईन्सने ती २००४मध्येच दिली. आपल्याकडे तसा कायदा नाही. मात्र चांगल्या कारखान्याला अशी रजा स्वतःहून देण्यापासून कुणी अडवलेलं नाही.

सगळ्यांत अवघड प्रश्न द्राक्षबागांचा आहे. विरळणीला, डिपिंगला, छाटणीला टेम्पोतून येणाऱ्या टोळीला ना समिती, ना हजेरीपट, ना गेट. आज या बागेत, उद्या त्या. तिथे मुकादम हाच काय तो दुवा. म्हणून तो प्रशिक्षणात असलाच पाहिजे, आणि त्याला तिथे आणण्याची जबाबदारी बागायतदारांनी व त्यांच्या संघाने घेतली पाहिजे. बागायतदारांच्या चर्चासत्रात औषधं आणि खतांवर दिवस दिवस बोलणं होतं. बागेत राबणाऱ्या हातांसाठी त्यातला अर्धा तास निघावा.

गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो. तालुक्यातल्या साखर कारखान्याने, किर्लोस्करवाडीच्या आणि औद्योगिक वसाहतीतल्या आस्थापनांनी, डेअऱ्यांनी त्याआधी प्रत्येक पाळीला एक प्रयोग लावावा, हजेरी सक्तीची करावी आणि व्यवस्थापकांनी पहिल्या रांगेत बसावं. पगारपत्रकावर १८१ आणि ११२ हे मदतीचे दोन क्रमांक छापावेत, पुरुषांच्याही.