विश्लेषण : बिल्ला एकाचा, इंजिन दुसऱ्याचे, मग गाडीचा दर्जा ठरतो कशावर?

प्रतापराव गुजरांच्या स्मारकामुळे महाराष्ट्राला ठाऊक असलेल्या नेसरीत कुणाला नवी मोटार घ्यायची असेल, तर गडहिंग्लज, कोल्हापूर नाहीतर बेळगावचा रस्ता धरावा लागतो. त्याआधी घरात आणि कट्ट्यावर खल होतोच. ‘टाटाने लँड रोव्हर घेतली म्हणून त्यांच्या गाड्या दणकट झाल्या’, ‘स्कोडा म्हणजे फोक्सवॅगनच की’, ‘टोयोटाचा बिल्ला आहे ना, मग डोळे झाकून घ्या’. यातले काही खरे, बरेचसे अर्धवट. पाच-सात वर्षांचे हप्ते भरणाऱ्याला मात्र ते अर्धवटपण खिशातून निस्तरावे लागते.

लँड रोव्हरचा टाटाला फायदा झाला का?

झाला, पण कट्ट्यावर सांगतात तितका सरसकट नाही. टाटा मोटर्सने २००८ मध्ये फोर्डकडून जॅग्वार-लँड रोव्हर २.३ अब्ज डॉलरना घेतली. तिचा थेट अंश भारतीय ग्राहकाच्या हाती आला तो २०१९ च्या हॅरियरमध्ये. तिचा प्लॅटफॉर्म, म्हणजे गाडीचा मूळ सांगाडा, लँड रोव्हरच्या सांगाड्यावरून बेतलेला आहे. तिचे डिझेल इंजिन मात्र फियाटच्या घराण्यातले.

पण भारतीय गाडीला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पहिल्यांदा पाच तारे मिळाले ते हॅरियरच्या आधीच, डिसेंबर २०१८ मध्ये आणि नेक्सॉनला. नेक्सॉनचा सांगाडा टाटाचा स्वतःचा. म्हणजे पाच तारे मिळवण्यासाठी लँड रोव्हरचा सांगाडा लागला नाही. पत्रा, वेल्डिंग आणि चाचण्यांवर खर्च करायचे कंपनीने ठरवले, ते कामी आले.

फियाट गेली, इंजिन राहिले

पुण्याजवळच्या रांजणगावात फियाट आणि टाटा यांची निम्म्या-निम्म्या भागीदारीची कंपनी आहे. तिथले १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिन टाटाच्या विस्टात बसले. मारुतीने त्याच इंजिनाचा परवाना घेऊन ते मानेसरला बनवले आणि स्विफ्ट डिझेलमध्ये घातले. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू होईपर्यंत हे इंजिन देशभर धावले. अनेकांच्या दारात फियाटचे इंजिन होते, फक्त गाडीवर फियाटचे नाव नव्हते.

ज्यांनी फियाटच्याच नावाची पुंटो किंवा लिनिया घेतली, त्यांचे काय? गाड्या भक्कम होत्या. पण बरीच वर्षे त्यांची विक्री आणि दुरुस्ती टाटाच्या शोरूममधून होत होती. २०१२ मध्ये फियाटने आपले वेगळे जाळे उभारायला घेतले, ते नीट रुजण्याआधीच या गाड्या बाजारातून गेल्या. तेच इंजिन असलेल्या स्विफ्टला तालुक्याच्या गावी मेकॅनिक आणि सुटे भाग मिळत राहिले. कारखान्यातून बाहेर पडताना असलेला दर्जा आणि सहाव्या वर्षी मालकाला जाणवणारा दर्जा यांत एवढे अंतर पडू शकते.

महिंद्रा आणि सँगयाँग : एक खरेदी, दोन निकाल

या विषयावरचा सर्वात बोलका धडा महिंद्राचा आहे. अडचणीत आलेल्या कोरियाच्या सँगयाँगचा सुमारे ७० टक्के हिस्सा महिंद्राने २०११ मध्ये घेतला. त्यातून भारतात दोन तऱ्हेच्या गाड्या आल्या. रेक्स्टन ही मोठी एसयूव्ही २०१२ पासून कोरियातून आलेले भाग चाकणला जोडून विकली गेली. गाडी दांडगी, पण भाग परदेशी आणि खप थोडका. खप थोडका असला की भागांचा साठा कमी, किंमत जास्त आणि हात सरावलेले कारागीरही मोजकेच.

दुसरी २०१९ ची एक्सयूव्ही ३००. तिच्यासाठी सँगयाँगच्या टिवोलीचा सांगाडा घेतला, पण इथल्या रस्त्यांसाठी त्यात बदल केले आणि उत्पादन नाशिकला सुरू केले. जानेवारी २०२० मध्ये तिलाही ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये सँगयाँगने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पुढे ती कोरियातल्याच केजी समूहाकडे गेली. नाते तुटले, तरी एक्सयूव्ही ३०० चे काही बिघडले नाही. तिचाच वारसा २०२४ पासून एक्सयूव्ही ३एक्सओ या नावाने सुरू आहे.

मालक तोच आणि मूळ कंपनीही तीच. फरक पडला तो गाडी इथली करून घेतली की नुसती इथे जोडली, याचा. नेसरीकरांना ट्रॅक्टरच्या उदाहरणाने हे लगेच पटेल. महिंद्राने स्वराज बनवणारी पंजाब ट्रॅक्टर्स २००७ मध्ये घेतली, पण स्वराजचा स्वराजपणा ठेवला. आजही ऊस ओढणारा शेतकरी ते दोन वेगळे ट्रॅक्टर मानतो.

एकच गाडी, दोन बिल्ले

टोयोटाची ग्लान्झा ही मुळात मारुतीची बलेनो. दोन्ही सुझुकीच्याच कारखान्यात तयार होतात. त्यामुळे ‘टोयोटाचा दर्जा’ म्हणून ग्लान्झा घेणाऱ्याला पत्रा आणि इंजिन बलेनोचेच मिळते. कागदावरची हमी मात्र निराळी होती : ग्लान्झाला तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर, बलेनोला दोन वर्षे किंवा ४० हजार. जुलै २०२४ मध्ये मारुतीनेही हमी तेवढीच केली. म्हणजे बिल्ला बदलून ग्राहकाला मिळाली ती जास्तीची हमी, आणि ती काही कमी मोलाची नव्हती.

सामायिक भागांची दुसरी बाजूही आहे. फोक्सवॅगनच्या डिझेल इंजिनातली प्रदूषण चाचणीची लबाडी २०१५ मध्ये उघड झाली, तेव्हा झळ एका ब्रँडपुरती राहिली नाही. पुण्याच्या एआरएआयने केलेल्या तपासणीनंतर कंपनीने भारतात फोक्सवॅगन, स्कोडा आणि ऑडी मिळून सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलावण्याची घोषणा केली. एका घराण्याचे चांगले इंजिन सगळ्यांना मिळते, तशी खोटही सगळ्यांना मिळते.

खरेदी करणाऱ्याने काय विचारावे?

कंपनी कुणाची, हे विचारून फार हाती लागत नाही. गाडी कुठल्या कारखान्यात बनते, इंजिन आणि गिअरबॉक्स इथलेच की बाहेरून आलेले, तेच इंजिन आणखी कुठल्या खपणाऱ्या गाडीत आहे, हे विचारावे. तारे कंपनीला नसतात, मॉडेलला असतात. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपही सुरू आहे, तेव्हा त्याच मॉडेलचा निकाल बघावा.

आणि भागीदारी मोडली तर? तळेगावात जनरल मोटर्सचा कारखाना होता. शेवरोलेची भारतातली विक्री २०१७ मध्ये थांबली. २०२३ मध्ये ह्युंदाईने तो कारखाना घेण्याचा करार केला. त्यात जमीन, इमारती आणि काही यंत्रे आली; रस्त्यावरच्या जुन्या शेवरोले गाड्यांची जबाबदारी ह्युंदाईकडे आली नाही. बीट किंवा क्रूझ अजून जपणारा माणूस तळेगावच्या दारात जाऊन सुटा भाग मागू शकत नाही.